जिन्यात नोटीस लावून करार रद्द होत नाही

मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय: ‘उद्यापासून फेसबुकचा नवा नियम. माझे फोटो व माहिती वापरण्यास मी परवानगी देत नाही. रोम करारानुसार हा गुन्हा आहे. हे कॉपी करून आपल्या वॉलवर टाका, नाहीतर सगळं कंपनीच्या मालकीचं होईल.’ पाठवणाऱ्या काकूंना सगळ्यांची खरीखुरी काळजी आहे, म्हणून नीट उत्तर देते.

रोम कराराचं आधी उरकते. १९९८ चा हा करार नरसंहार, युद्धगुन्हे यांचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा आहे. भारताने त्यावर सहीही केलेली नाही.

फोटो कंपनीच्या मालकीचे होतात, हेही चूक. मालकी तुमचीच राहते, असं फेसबुकच्या अटींमध्येच लिहिलंय. पण खातं उघडताना आपण वापराचा परवाना देतो. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली खोली आपलीच असते, राहतो मात्र दुसरा, तसंच हे. फक्त इथे भाडं शून्य, आणि पोटभाडेकरू ठेवायची मुभाही करारातच. असा करार जिन्यात नोटीस चिकटवून मोडत नाही. फोटो डिलीट केलात की परवाना संपतो, पण तोवर कुणी त्याची प्रत घेऊन पुन्हा टाकली असेल तर तिथे ती उरतेच.

आता ‘माझी माहिती फक्त माझी’. मला सगळ्यात जास्त काळजी याच समजुतीची वाटते. केंब्रिज अॅनालिटिका या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीकडे एका अॅपमधून फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती गेली होती. त्या प्रकरणात, २०१८ साली, फेसबुकनेच आकडे दिले: ते अॅप भारतात घेतलं होतं ३३५ जणांनी, आणि त्यांच्या मित्रयाद्यांमधून आणखी सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती गेलेली असू शकते. त्या लाखोंनी कुठेही बोट दाबलं नव्हतं. काकू, तुम्ही एखाद्या अॅपला फोनमधले कॉन्टॅक्ट्स वाचू देता तेव्हा माझा नंबरही जातो. मग तो कुणाच्या मालकीचा म्हणायचा?

म्हणूनच आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात मालकीची भाषा नाही. संमती देणं, ती मागे घेणं, माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेणं, असे हक्क त्यात आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: स्वतःची जी माहिती आपण स्वतःहून सगळ्यांसाठी खुली केली, तिला हा कायदा लागूच होत नाही. ‘पब्लिक’ ठेवून टाकलेला तुमचा स्वतःचा फोटो त्या संरक्षणाबाहेर राहतो.

तेव्हा तो मेसेज पुढे पाठवू नका. संध्याकाळी फोन घेऊन खाली या. जुन्या पोस्ट ‘फ्रेंड्स’पुरत्या करू आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी काढून टाकू. दहा मिनिटांचं काम आहे.