माहीमचं गोड पाणी, बोस्टनची प्रार्थना

'श्रद्धेला पुरावा मागायचा नसतो,' असं माझा माहीमचा मामेभाऊ परवा फोनवर म्हणाला. विषय होता सप्टेंबर १९९५चा, गणपती दूध प्यायले त्या दिवसाचा. तेव्हा मी शाळेत होते. आईबरोबर रांगेत उभं राहून मीही सोंडेला चमचा लावला आणि दूध खरंच गेलं. पुढे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून पाहिलं, तेव्हा ते मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना दिसलं.

दादाचं म्हणणं मला पटत नाही. मी बोस्टनमध्ये राहते. इथल्या डॉ. हर्बर्ट बेन्सन यांचा अभ्यास एप्रिल २००६मध्ये छापून आला. अमेरिकेतली सहा रुग्णालयं, बायपासचे १,८०२ रुग्ण. एका गटासाठी ख्रिस्ती मंडळींनी चौदा दिवस प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही. आपण कुठल्या गटात, हे या दोन गटांतल्या रुग्णांना ठाऊक नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली ५२ आणि ५१ टक्के जणांत. तिसऱ्या गटाला मात्र प्रार्थना होणार हे सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. खर्चाचा मोठा वाटा टेम्पल्टन फाउंडेशनचा, म्हणजे धर्माबद्दल आस्था असलेल्या संस्थेचा. श्रद्धावानांनीच पैसे दिले आणि नकोसं उत्तर छापूही दिलं, याचं मला फार मोल वाटतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समुद्र गोड झाला म्हणून आमच्या माहीमला लोक खाडीचं गढूळ पाणी पीत होते, बाटल्या भरून नेत होते. तिथे प्रश्न विचारणं म्हणजे जीव जपणंच होतं. असे प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या डॉ. दाभोलकरांना २०१३मध्ये पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचा विरोध देवाला नव्हता, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला होता. इतक्या दूर राहूनही ते आठवलं की घसा दाटून येतो.

गेल्या वर्षी बाबांचं बायपास झालं. आई आदल्या रात्री देवापुढे बसून होती. 'हात जोडल्याशिवाय रात्र सरत नाही गं,' म्हणाली. बेन्सनचे आकडे मी तिला सांगितले नाहीत. डॉक्टरांऐवजी देव बरं करील, असं ती म्हणतच नव्हती; मग तपासायचं काय? देव आहे की नाही, हे त्या १,८०२ रुग्णांवरूनही ठरलेलं नाही. समुद्र गोड झाला की नाही, हे मात्र ठरतं.

डिसेंबरात मी येतेय. घरच्या पितळी गणपतीला खायचा लाल रंग घातलेलं दूध चमच्याने पाजून पाहू, असं दादाला म्हटलंय. तो हो म्हणालाय.