एकाचे चार

वजन कमी करण्याचा सल्ला द्यायला कुठलीही पात्रता लागत नाही. मला तो लिफ्टमधल्या अनोळखी बाईंनी दिलाय, माझा दात काढणाऱ्या डॉक्टरांनी दिलाय आणि स्वतः माझ्या दीडपट असलेल्या एका मामांनी श्वास घेत घेत दिलाय. सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘तू मनावर घे गं.’ मनावर घ्यायला माझी काहीच हरकत नाही. पण मनावर घेतलेलं सगळं शेवटी माझ्या गुडघ्यांवर येतं.

गुडघे दोन आणि कंबर एक, असा माझा दुखण्याचा संसार आहे. सकाळी ठणका असतो, जिना उतरताना कळ येते आणि काही उचलायला वाकलं की सणक. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणतं. माझी तेवढी उमेदवारी केव्हाच संपली, आता ती कायम झालीय. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी अकरावी यादी 2022 पासून लागू झाली, तिच्यात जुनाट वेदनेला स्वतःची वेगळी जागा दिलीय. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. दुखायचं काही थांबलं नाही, पण निदान रीतसर दुखतंय.

तर वजन. हाडांचे डॉक्टर म्हणतात, दुखणं कमी व्हायला हवं असेल तर वजन उतरवा. आहार सांगणाऱ्या बाई म्हणतात, वजन उतरवायचं तर थोडा व्यायाम हवाच. व्यायाम शिकवणारा म्हणतो, आधी ते दुखणं आटोक्यात आणा, मग माझ्याकडे या. कचेरीत कसं, तीन नंबरच्या खिडकीला एक नंबरच्या खिडकीचा शिक्का लागतो, एक नंबरला दोनचा, आणि दोन नंबरवाले साहेब जेवायला गेलेले असतात, तसं माझ्या शरीराचं कामकाज चालतं.

त्यात औषधं. नसांच्या दुखण्यावर प्रीगाबालिन किंवा अॅमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या देतात. त्यांच्या डब्यात घडी घातलेला एक कागद असतो. तो मी भिंग लावून वाचला. चक्कर, सुस्ती, तोंडाला कोरड, आणि त्यात मधेच कुठेतरी ‘वजन वाढणे’. या सगळ्या प्रकरणात बारीक असं काही असेल तर ते त्या कागदावरचं अक्षर. (गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, असं डॉक्टर मला लगेच म्हणाले. मी काही बोलले नव्हते. माझा चेहरा बोलला असणार.)

रात्रीची तऱ्हा आणखी वेगळी. कूस बदलली की जाग येते, आणि कूस बदलली नाही तर दुखून जाग येते. झोप अपुरी झाली की भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. म्हणजे अपरात्री तीन वाजता मी फ्रिजच्या उजेडात उभी असते ती हावरटपणामुळे नव्हे, अंतःस्रावांमुळे. हे मी नवऱ्याला तिथेच, फ्रिजचं दार धरून समजावून सांगितलं. तो म्हणाला, “बरं, पण दार लाव.”

दुखतं किती, हे सांगायचीसुद्धा एक परीक्षाच असते. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी भयंकर वेदना. माझी कल्पनाशक्ती चांगली आहे, हीच पंचाईत. दहाच्या जागी मी असलं काही उभं करते की त्यापुढे माझं दुखणं बिचारं चारावर येतं. चार ऐकलं की डॉक्टर म्हणतात, “छान, चालत राहा.” आठ म्हणावं तर नवी गोळी, नवा कागद, नवं बारीक अक्षर. म्हणून मी सहा सांगते. सहाला कोणी काही बोलत नाही.

आता प्रेरणेचं. सगळे म्हणतात, आधी प्रेरणा हवी. माझ्याकडे ती येते, नाही असं नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर तर फार मोठ्या प्रमाणावर येते. उद्यापासून पहाटे फिरायला जायचं, हे आडवं असताना अगदी पटतं. अडचण पहाटे येते, आणि तिचं नाव बूट.

फिरायला जाणं अवघड नाहीच. बूट घालणं अवघड आहे. पलंगाच्या कडेला बसायचं. डावा पाय उजव्या मांडीवर घेता येत नाही, तो जमाना गेला. म्हणून बूट जमिनीवर ठेवून पाय त्याच्याकडे न्यायचा. बोटं आत जातात, टाचेशी बुटाची कड आत मुडपते. ती बोटाने सोडवायला वाकावं लागतं, वाकताना मधे पोट येतं, पोट येतं म्हणून श्वास रोखावा लागतो, आणि रोखलेल्या श्वासात नाडी बांधायची असते. पहिला फास झाला, दुसरा त्याच्यातून ओढायचा, तेवढ्यात कंबरेत काहीतरी हलकेच सरकतं. ती चमक नसते अजून, चमकेची नोटीस असते. मी होते तशी थांबते. नोटीस मागे घेतली जाते. मग उठून बसते, घाम पुसते, आणि दुसरा बूट शोधते. तो पलंगाखाली गेलेला असतो.

माझी प्रेरणा सरासरी पहिल्या बुटापर्यंत पुरते. एकदा याच टप्प्यावर नवरा चहाचा कप घेऊन खोलीत आला. माझा लाल चेहरा, कपाळावरचा घाम आणि पायातला बूट बघून कौतुकाने म्हणाला, “अरे वा, आलीस पण फिरून?” मी मान हलवली. हलवण्याजोगी तेवढीच शिल्लक होती.

नाडीच्या बुटांवर उपाय सोपा निघाला. पाय नुसता सरकवला की बसतात असे बूट आणि उभ्याने घालता यावेत म्हणून लांब दांड्याचं शूहॉर्न. वजन कमी करण्यावर जगात एवढं बोललं जातं, पण शूहॉर्नबद्दल मला एकही प्रेरणादायी वक्ता अवाक्षर बोललेला आठवत नाही.

खरा घात करतो तो चांगला दिवस. वाईट दिवसाचं काही नाही, तो निदान खरं बोलतो. चांगला दिवस गोड बोलून येतो. जाग येते आणि चक्क काहीच दुखत नसतं. मग त्या एका दिवसात मागचं सगळं उरकायचं असतं. फिरणं, कपाट आवरणं, माळ्यावरचं खाली आणि खालचं माळ्यावर, वर जिन्याच्या दोन फेऱ्या, कारण अंगात आलेलं असतं. संध्याकाळपर्यंत मी जगाला पुरून उरते. पुढचे दोन दिवस अंथरूण मला पुरून उरतं. फिजिओथेरपीच्या भाषेतही या वर-खालीला नाव आहे म्हणे. मला बरं वाटलं ते एवढ्यासाठी की नाव आहे म्हणजे असले लोक बरेच असणार.

माझी फिजिओथेरपिस्ट वयाने माझ्या मुलीएवढी आहे. आवाज मऊ, पण नियम लोखंडी. ती म्हणाली, “काकू, कधी थांबायचं ते दुखण्याला नाही विचारायचं, घड्याळाला विचारायचं. वाईट दिवशीही जमेल एवढंच ठरवू. वाईट दिवशी ते शक्यतो करायचं, आणि चांगल्या दिवशी त्याच्या वर अजिबात जायचं नाही.”

“आणि मला बरं वाटत असलं तर?”

“तेव्हाच तर परत फिरायचं.”

आठ मिनिटं ठरली. चार जायची, चार यायची. दुखलं म्हणजे आत काही बिघडलंच असं नाही, जुनाट दुखण्यात नसाच हळव्या झालेल्या असतात, त्यांना हळूहळू सवय लावायची, हेही तिने समजावलं. ते पटलं. चार मिनिटं मात्र पटेनात. रोज दहा हजार पावलं चालणाऱ्यांच्या जगात मी काय म्हणून चार मिनिटं चालायचं? मग शोधलं तर तो दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय परिषदेत ठरलेलाच नाही. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच हा गोल आकडा होता. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याच्यापुढे मान खाली घालत होते, ती एक जाहिरात होती! दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्यात पूर्वी अट असायची, सलग दहा मिनिटांपेक्षा कमी असेल ते धरायचं नाही. 2020 मध्ये ती अट काढून टाकली. आता किरकोळही जमा होतं. त्या समितीत नक्की कुणाचे तरी गुडघे दुखत असणार.

पण चार मिनिटांनी परत फिरण्यात एक सामाजिक अडचण आहे. रस्त्यात मधेच, कसलंही कारण नसताना गर्रकन वळणारा माणूस लोकांना चमत्कारिक वाटतो. समोरून येणारे आजोबा काळजीने विचारायचे, “काही विसरलात का?” सुरुवातीला मी नुसती हसायचे. मग मी अभिनय शिकले. फोनवर चार मिनिटांचा गजर वाजला की थांबायचं, पर्स चाचपायची, ‘अगंबाई’ म्हणायचं आणि वळायचं. हे इतकं छान जमलं की एके दिवशी आजोबांनी मला वाटेत गाठून विसरण्यावरच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

पोहण्याच्या तलावाचं सुचवलं तेही फिजिओथेरपिस्टनेच. पोहायचं नाही, नुसतं पाण्यात चालायचं. कंबरेइतक्या पाण्यात पायांवर निम्माच भार येतो आणि गळ्यापर्यंत गेलं की साधारण दहावा हिस्सा. गळाभर पाण्यात मी उभी राहिले आणि गुडघे गप्प झाले. इतके गप्प की आहेत ना, म्हणून मी खाली हात लावून बघितलं. वजन उतरवण्याचा इतका झटपट मार्ग मी दुसरा पाहिला नाही. फक्त बाहेर यायचं नाही. बाहेर यायच्या शिडीवर सगळे किलो वाट बघत बसलेले असतात, एकेका पायरीला एकेक जथा अंगावर चढतो, आणि वरच्या पायरीवर मी पुन्हा संपूर्ण असते.

या सगळ्याने वजन उतरतं का? चार मिनिटं जाऊन चार मिनिटं यायला जेवढं जळतं, ते एका बऱ्यापैकी घासात परत मिळतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. त्या नुसत्या चालून जाळायच्या तर आजोबांची आणि माझी बरीच भेट होईल. चालायचं ते मांडीचे स्नायू टिकावेत म्हणून, ते गुडघ्याचा भार थोडा वाटून घेतात. वजन उतरतं ते मुख्यतः ताटात. आणि ताटाशी माझी कंबर दुखत नाही, गुडघा दुखत नाही, तिथे मला एकही सबब नाही. हा शोध मला अजिबात आवडला नाही.

म्हणजे प्रश्न पुन्हा प्रेरणेचा. तब्येत, दीर्घायुष्य, जुने कपडे, जुने फोटो, सगळं लावून बघितलं. जुना फोटो फ्रिजवर चिकटवला, तर फ्रिज उघडताना ‘किती बारीक होते मी’ म्हणून इतकं वाईट वाटायचं की काहीतरी खावंसं वाटायचं. शेवटी माझ्यातल्या कुठल्याही उदात्त भावनेने हे काम केलं नाही. केलं ते लोभाने. 2005 साली एक अमेरिकन संशोधन प्रसिद्ध झालं होतं, वजन जास्त असलेल्या आणि गुडघे झिजलेल्या वयस्कर माणसांवरचं. त्यात आढळलं की अंगावरचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

एकाचे चार! दुसरं कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. हे मात्र गुडघ्यांवर मोजलेलं होतं. मी कागद-पेन घेऊन बसले. एक किलो उतरलं, हजार पावलं चालले, तर दोन्ही गुडघ्यांचे मिळून चार हजार किलो वाचले. चार टन! एका ट्रकचा माल, आणि तोही दर हजार पावलांना. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने आकडेमोड तपासली, बरोबर निघाली, आणि तो माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागला, म्हणजे अवजड वाहनाकडे बघतात तसा.

तेव्हापासून ताटातला घास मागे ठेवताना मी त्याग वगैरे करत नाही. गुंतवणूक करते. कधी कधी गुंतवणूक मोडतेही, दुखणं उसळलेल्या आठवड्यात तर हमखास. पण मोडली तरी मुद्दल कुठे जातं, हे काट्यावर दिसतं.

काट्याचीही गंमतच. सरळ उभं राहिलं तर आकड्याच्या आड पोट येतं, वाकलं तर कंबर हरकत घेते. त्यामुळे आकडा नवरा वाचतो. दबक्या आवाजात वाचायची त्याला अक्कल नाही, म्हणून वजन मी दार लावून करते. परवा त्याने वाचला तो आधीपेक्षा दोन किलोंनी कमी होता. मी त्याला पुन्हा वाचायला लावला, मग जागा बदलून पुन्हा. दोनच.

त्याच संध्याकाळी मावशी आली. दारातच मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, “काय गं, किती उतरलं?”

“आठ किलो,” मी म्हणाले. हिशेब गुडघ्याचा होता, पण तिने विचारलंच कुठे कशाचा ते.

“आठ? दिसत नाही गं कुठे!”

“गुडघ्यात उतरलंय.”

मावशीने पर्समधून चष्मा काढला, लावला, आणि खरोखरच खाली वाकून आधी एका आणि मग दुसऱ्या गुडघ्याकडे निरखून बघितलं.

“हं,” ती म्हणाली, “डाव्यात जरा दिसतंय.”