दोन ॲडमिन आणि एक जनता

सभागृहात परवा दोन्ही बाजू एकमेकांच्या अंगावर धावून गेल्या, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे कोणी काही सांगायची गरज नव्हती. कट्ट्यावर विषय एकच: असा समाज सांधायला सरकारने करायचं तरी काय? पोपटने तरीही सांगितलं. पोपटचं नाव नाकावरून पडलेलं नाही. सकाळी मोबाइलवर जे येतं ते संध्याकाळी कट्ट्यावर जसंच्या तसं बाहेर पडतं, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट.

"समाज दुभंगलाय," तो म्हणाला. "आणि सांधायचा तर वर एकच खमका माणूस पाहिजे. वर्गात कडक मास्तर आला की कसे सगळे चिडीचूप बसतात?"

"आणि मास्तर बाहेर गेला की?" अक्काने विचारलं.

फॉरवर्डमध्ये याचं उत्तर नव्हतं. पोपट स्क्रीन वर-खाली करत राहिला.

वकील मदतीला धावला. आमच्या वकिलाकडे सनद आहे, अशील नाहीत, त्यामुळे युक्तिवाद साठून राहतात. "पोपट बोलतोय ते अगदीच टाकाऊ नाही. इंग्लंडात यादवी माजली, 1649 साली राजाचं मुंडकं उडालं. ते सगळं पाहिलेला तिथला तत्त्वज्ञ हॉब्ज म्हणाला, वर कोणी धाक घालणारा नसेल तर माणसं एकमेकांच्या नरडीला लागतील. म्हणून आपापले हक्क एकाच्या हाती सोपवा. सरकार कशाला? तर जीव वाचवायला."

"बघा! हॉब्ज!" पोपट जणू त्याच्या लग्नाला जाऊन आला होता.

"कुठल्या पक्षाचा रे?" बंड्याने विचारलं.

"पण," वकिलाचं बोट वर गेलं, "चाळीस वर्षांच्या आत लॉक नावाच्या तिथल्याच दुसऱ्या तत्त्वज्ञाने यावर टोला हाणलाय. रानमांजरं आणि कोल्हे त्रास देतात म्हणून सिंहाच्या जबड्यात जाऊन बसायचं आणि त्यालाच सुरक्षितता म्हणायचं, ही कसली अक्कल?"

"त्यांना विचार," नाना बंड्याकडे बघत म्हणाला, "फी नेमकी कुठल्या बाजूची घेतलीय."

नाना आणि वकील गेल्या निवडणुकीपासून एकमेकांशी थेट बोलत नाहीत. निकालाच्या रात्री वकिलाने ग्रुपवर एक चित्र टाकलं, नानाने त्याला काढून टाकलं, वकिलाने रातोरात 'मूळ कट्टा' नावाचा वेगळा ग्रुप काढून निम्मी मंडळी उचलून नेली. मग नानाने पहिल्या ग्रुपचं नाव 'खराखुरा कट्टा' केलं. जुना फोटो कोणी लावायचा हा वाद अजून प्रलंबित आहे. दोघे बसतात मात्र रोज इथेच, आणि तिसऱ्यामार्फत बोलतात. पोपट दोन्ही ग्रुपमध्ये आहे, दोन्हीकडे एकच फॉरवर्ड टाकतो आणि दोन्हीकडून शिव्या खातो.

"माझं म्हणणं साधं आहे," नाना म्हणाला. "सरकारने लोकांना जवळ आणावं. सगळ्यांनी मतभेद विसरून प्रेमाने राहावं."

"मग तू विसर की आधी ते चित्र," अक्का म्हणाली.

"ते चित्र वेगळं होतं."

"प्रत्येकाचं ते चित्र वेगळंच असतं, नाना."

बंड्याचा नेहमीचा मुद्दा: सरकार हवंच कशाला? "बेल्जियममध्ये 2010 साली निवडणूक झाली आणि भाषेच्या भांडणात 541 दिवस सरकार बनलं नाही. कोणाचं काय अडलं?"

"अडलं नाही, कारण जुनं सरकार काळजीवाहू म्हणून चालूच होतं," वकील म्हणाला. "त्याच काळात त्यांनी युरोपीय संघाचं सहा महिन्यांचं अध्यक्षपदसुद्धा निभावलं. खरोखर बंद पडलं ते अमेरिकेत. 2018च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून अडलं, 35 दिवस. आठेक लाख कर्मचारी बिनपगारी. शेवटी विमानं नियंत्रित करणारे कमी पडले, उड्डाणं रखडली आणि त्याच दिवशी तडजोड झाली."

"म्हणजे लोकांचे पगार थांबले तेव्हा नाही, विमानं थांबली तेव्हा," बंड्या म्हणाला. हे त्याने बरोबर पकडलं, आणि त्याला आवडलंही.

अक्का इतका वेळ ऐकत होती. बँकेत असताना दर निवडणुकीला तिची ड्यूटी लागायची. ती म्हणाली, "मतदानाच्या दिवशी सकाळी आधी मॉक पोल घ्यावा लागतो. उमेदवारांच्या एजंटांसमोर यंत्रात किमान 50 मतं टाकायची, मोजून जुळतात का दाखवायची, मग पुसायची. सील लावायचं, त्यावर एजंटांच्या सह्या घ्यायच्या. दिवसअखेर किती मतं पडली त्या हिशेबाचा फॉर्म 17सी, त्याची प्रत प्रत्येक एजंटाच्या हातात. आदल्या रात्री एकमेकांचे बॅनर फाडणारी पोरं शेजारी-शेजारी बसून तो आकडा लिहून घ्यायची. एकाच्या पेनातली शाई संपली की दुसरा पेन द्यायचा. त्यांना प्रेम कोणी शिकवलं नव्हतं, नाना. विश्वास नव्हता म्हणूनच तर सह्या होत्या. सरकारने करायचं ते एवढंच. भांडणाऱ्यांना एकच आकडा मान्य करायला लावायचं, आणि हरलेल्याला धडपणे घरी जाऊ द्यायचं."

हे चालू असताना पोपट मोबाइल बघत होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

"हरलेल्यांचे एवढे लाड कशाला?" तो मान वर न करताच म्हणाला.

"लाड?" अक्का म्हणाली. "1977 सालचा कायदा आहे. संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याला पगार सरकारी तिजोरीतून. ज्याचं काम सरकारच्या चुका काढणं, त्याला सरकारच पगार देतं. तुझ्या त्या खमक्या माणसाला सुचलं असतं का हे?"

"जिनिव्हा," वकील म्हणाला. "1994. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात काश्मीरचा विषय निघाला. पंतप्रधान नरसिंह राव, आणि शिष्टमंडळाचं नेतृत्व कोणाकडे? विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे."

"आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात आंबेडकर आणि श्यामाप्रसाद मुखर्जी, दोघेही काँग्रेसबाहेरचे," नाना बोलून गेला. वकिलाने मान डोलावली आणि मग कोणाला मान डोलावली हे लक्षात येऊन ती मान मच्छर मारल्यासारखी झटकली.

"दोघेही राजीनामा देऊन गेले," बंड्याने आठवण केली.

"राजीनामा देऊनच गेले ना? आणि मग निवडणुकीला उभे राहिले," अक्का म्हणाली. "भांडून बाहेर पडायची वाट मोकळी होती. ती बुजवली की माणसं दगड शोधतात."

मग वकिलाने उत्तर आयर्लंड काढलं. ते तो दर दोन महिन्यांनी काढतो, पण या वेळी जरा उपयोगी होतं. ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे प्रोटेस्टंट आणि आयर्लंडात जाऊ म्हणणारे कॅथलिक यांच्या भांडणात तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, 1998 साली करार झाला. सरकारात दोन्ही बाजूंनी बसायचंच. फर्स्ट मिनिस्टर एका बाजूचा, डेप्युटी दुसऱ्या बाजूचा, नाव वेगळं पण अधिकार समान. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. 2007 साली एका बाजूचा पुढारी पेझ्ली आणि दुसऱ्या बाजूचा मॅकगिनेस, म्हणजे जन्माचे वैरी, शेजारी बसले. फोटोत दोघे इतके हसायचे की लोकांनी त्यांचं नाव 'खिदळणारे भाऊ' ठेवलं.

"आणि नंतर तेच सरकार 2017 पासून तीन वर्षं बंद," बंड्या म्हणाला. "बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत."

"भिंती आहेत, पण बॉम्ब नाहीत," अक्का म्हणाली. "मी तेवढ्यावर सही करीन."

बंड्या हटला नाही. "लेबनॉनचं काय मग? अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, 1943 पासून ठरलेलं. एवढी वाटणी करूनही 1975 ते 1990 यादवी झालीच. खुर्च्या जातीवर वाटल्या की माणूस मरेपर्यंत त्या जातीतच राहतो."

यावर खरंच कोणाकडे उत्तर नव्हतं. अक्का म्हणाली की वाटणी तात्पुरती म्हणून करावी आणि दर काही वर्षांनी उलगडून बघावी. वकील म्हणाला की तात्पुरतं म्हणून केलेलं काहीही कधी उलगडत नाही, त्याची बायको माहेरी गेली होती तेही तात्पुरतंच. मग बराच वेळ वकिलाच्या सासुरवाडीवर गेला. तो भाग इथे देत नाही.

शेवटी बंड्यानेच काडी लावली. "करा की मग दोन्ही ग्रुप एक, आयर्लंडसारखे. दोन ॲडमिन, अधिकार समान. एक गेला की दुसराही गेला."

"मला चालेल," नाना म्हणाला. "पण त्यांना सांग, पहिलं नाव माझं."

"त्यांना सांग, बाराखडीप्रमाणे नावं लावायची असतात."

"बाराखडीत न आधी येतो की व?" नाना थेट वकिलाकडे वळून ओरडला.

"मग आडनावाने लावू!" वकीलही थेट नानावर ओरडला.

दीड वर्षात पहिल्यांदाच दोघे समोरासमोर भांडत होते. अक्का हसून हसून खोकायला लागली. तह पुढे असा ठरला की नावं महिन्या-महिन्याने आलटून-पालटून, फोटो कोणाचाच नाही, आणि ते चित्र पुन्हा टाकायचं नाही. वकिलाने 'पुन्हा' या शब्दाला लेखी हरकत नोंदवली.

"आणि मी?" पोपटने विचारलं. "मी तर दोन्हीकडे होतो."

"तू जनता," अक्का म्हणाली.

"म्हणजे मला कोणी काही विचारणारच नाही?"

"विचारू ना, पाच वर्षांनी."

"मुदतपूर्वही होऊ शकतात," वकील म्हणाला. तोवर पोपटने नव्या ग्रुपसाठी गुड मॉर्निंगचा फोटो शोधायला घेतला होता, संध्याकाळी साडेसात वाजता, आणि दोन्ही ॲडमिननी त्याला एकमताने म्यूट केलं.