जरा वास घेऊन बघ

फ्रिजच्या मधल्या फळीवर, अगदी मागे, ताटलीनं झाकलेलं एक भांडं असतं. त्यात साय साठत असते. ते हलवायचं नाही, त्याच्यावर दुसरं काही ठेवायचं नाही आणि आत काय चाललंय हे विचारायचं नाही. मग एखाद्या रविवारी "आज लोणी काढायचंय" असं जाहीर होतं, ताटली निघते आणि एकेकाला ओट्यापाशी बोलावणं येतं, "जरा वास घेऊन बघ."

या परीक्षेवर माझा काडीचा विश्वास नाही. सासूबाईंना आंबूस येतो, सुनेला येत नाही, नवऱ्याला सर्दी झालेली असल्यानं तो "ठीक आहे की" म्हणतो आणि भांडं दोन विरुद्ध एक मतांनी पास होतं.

मुळात सायीच्या वयावरच घरात एकमत नसतं. "परवाच तर टाकली!" हो, पण परवा टाकली ती वरची. खाली बारा दिवसांपूर्वीची बसली आहे. मांडीवर नातू बसला म्हणून आजोबांचं वय कमी होत नाही. भांड्याचं वय मोजायचं ते तळाच्या थरावरून. फ्रिज ४ अंशांवर असेल, तर सात-आठ दिवस साय राहते. तीसुद्धा आतल्या फळीवर. दाराच्या कप्प्यात नाही, कारण दार दर दहा मिनिटांनी कोणीतरी उगाच उघडून बघतं आणि सगळ्यात जास्त ऊब तिथेच लागते.

इतके दिवस साठवायचं कारण साधं हिशेबाचं आहे. फुल क्रीम दुधात स्निग्धांश किमान ६ टक्के, म्हणजे लिटरमागे साधारण ६० ग्रॅम. तोही सगळा वर येत नाही. पिशवीवर 'होमोजिनाइज्ड' असेल तर स्निग्धांशाचे कण आधीच बारीक फोडलेले असतात आणि जी येते तिला साय म्हणायचं ते केवळ सौजन्यानं. दूध उकळल्यावर मंद आचेवर पाचेक मिनिटं ठेवलं, जाळीच्या झाकणाखाली निवू दिलं आणि पाच-सहा तास फ्रिजमध्ये हलवलं नाही, तर थर जाड धरतो. यातलं 'हलवलं नाही' हे चहाबाज माणसांच्या घरात सगळ्यात अवघड.

आता मुख्य भांडण. आंबट झालेली साय खराब असतेच असं नाही. कडू झालेली मात्र खराबच. पहिल्या दिवशीच भांड्यात चमचाभर ताजं दही घातलं असेल, तर सायीला सौम्य आंबूसपणा येणारच, आपणच तो आणलेला असतो. त्या आम्लामुळे नको ते जंतू लवकर हातपाय पसरत नाहीत. दही न घालता नुसती साय साठवली, तर थंडीतही वाढणाऱ्या जंतूंना मोकळं रान मिळतं. ते प्रथिनं फोडतात, त्यातून कडवटपणा येतो. स्निग्धांश फोडतात, त्यातून खवटपणा. म्हणून नाक लावण्याआधी डोळे लावा. वरचा पिवळसर कोरडा पापुद्रा म्हणजे नुसतं सुकणं, त्याला घाबरू नका. गुलाबी, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, किंवा चमचा उचलताना साय तार धरून बुळबुळीत लोंबली, की सगळी टाका. ठिपक्यापुरती खरवडून बाकीची वाचवण्याचा काटकसरी उपाय इथे चालत नाही, मऊ पदार्थात बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते. आणि "कढवताना सगळं मरतं" हेही पुरतं खरं नाही. जंतू मरतात, पण काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. कडू सायीचं तूप तर डबा उघडताच सांगतं, मी कोण ते.

साय बिघडते ती बहुधा आपल्याच हातानं. भाजीत बुडवलेला चमचा, कोमट साय थेट थंड सायीवर ओतणं, आणि ती ताटली. स्निग्ध पदार्थ आजूबाजूचे वास ओढून घेतात. शेजारी चिरलेला कांदा असेल तर तूप कांद्याचं होतं, आणि त्या तुपातल्या शिऱ्याचं कौतुक कोणत्या शब्दांत करायचं हे पाहुण्यांना सुचत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा डबा घ्या, ताटली पोह्यांवर ठेवा.

आठ दिवसांत भांडं भरत नसेल तर सरळ फ्रीझर. गोठल्यानं सायीचं पोत फुटतं, पण आपल्याला ती फोडायचीच आहे. आदल्या दिवशी डबा खालच्या फळीवर आणा, मग बाहेर काढून पूर्ण सुटू द्या, अर्धा किलोला दोन चमचे दही कालवून सात-आठ तास बाहेर ठेवा. थंडीत दहा-बारा लागतात. विरजल्यावर तासभर पुन्हा गार करा. गोठलेल्या गोळ्याला विरजण लावलं तर दोघंही एकमेकांकडे बघत बसतात.

मिक्सरचं भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका, थांबून थांबून फिरवा. उन्हाळ्यात लोणी गोळा न होता तेलकट चिखल झाला, तर साय गरम झाली आहे. बर्फाचे खडे टाका किंवा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत पात्याला नुसता फेस चिकटून बसला, तर चमचा-चमचा कोमट पाणी. लोणी दोन-तीनदा गार पाण्यानं धुवा, ताक राहिलं तर ते लवकर आंबतं.

दुकानातल्या खोक्यातल्या क्रीमचं दुखणं वेगळं. बंद असेपर्यंत ते फ्रिजबाहेरही टिकतं. कापल्या क्षणापासून मात्र तीन-चार दिवस, तेही झाकणाच्या बरणीत काढून, कापलेलं तोंड कपड्याच्या चिमट्यानं आवळून नव्हे. वर घट्ट गोळा बसला तर ते बिघडणं नाही, ढवळा. खोका फुगला असेल तर उघडूच नका. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर सुटल्यावर रवाळ होतं. पनीरच्या रश्शात खपतं. केकवर फेटून लावायला ते आधीही चाललं नसतं, २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम फुलत नाही.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज चारेक तास गार राहतो, पण "किती गार आहे बघू" म्हणत चौघांनी चारदा बघितलं की नाही राहत.

आणि डब्यावर चिकटपट्टी लावून पहिल्या दिवसाची तारीख लिहा. पेननं लिहिली तर चौथ्या दिवशी ओलीनं पुसते आणि नुसता '१' उरतो. तो १ चा, ११ चा की २१ चा, यावर चर्चा होते. मग झाकण निघतं, आणि कोणीतरी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडतं, "अहो, जरा इकडे या, वास घेऊन बघा."