रेडवॉल वाचताना पंगतीची पानं गाळू नका

ब्रायन जेक्सच्या 'रेडवॉल' या मुलांसाठीच्या, प्राण्यांच्या इंग्रजी कादंबरीबद्दल एक तक्रार हमखास कानावर येते. गोष्ट फक्कड आहे, पण खाण्यापिण्याचं पाल्हाळ फार. त्यावर सल्लाही ठरलेला: पंगत आली की पानं उलटा आणि लढाई आली की थांबा. मुलांना वाचून दाखवताना असं केलंत, तर त्या लढाईतलं अर्धं काही त्यांना कळणारच नाही.

आधी हे पाल्हाळ आलं कुठून ते बघू. जेक्स लिव्हरपूलच्या गोदीजवळच्या वस्तीतला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून बोटीवर गेला, पुढे ट्रक चालवला, पडेल ते काम केलं. दूध टाकायला जायचा त्यात तिथली अंधशाळाही होती. तिथल्या मुलांना तो पुस्तकं वाचून दाखवायला लागला. हाताला लागलेली पुस्तकं त्याला पसंत पडेनात, म्हणून स्वतःच लिहायला बसला. त्याचे शाळेतले इंग्रजीचे शिक्षक ॲलन डर्बंड यांनी ते हस्तलिखित त्याला न सांगताच प्रकाशकाला दाखवलं आणि १९८६ साली पुस्तक बाहेर आलं. समोर बसलेल्या पोरांना दिसत नाही, हे धरून लिहिलेलं हे गद्य आहे. म्हणून त्यात वास, चव, आवाज यांची एवढी रेलचेल. मुकाट्याने डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते जड वाटतं. मोठ्याने वाचलं की बरोबर बसतं.

पण माझा खरा मुद्दा पुढचा आहे. 'रेडवॉल' ही वेढ्याची कादंबरी आहे, आणि वेढ्यात पहिला प्रश्न दाणागोट्याचा असतो. किल्ल्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी पोराला हे समजावून सांगावं लागत नाही.

मॉसफ्लॉवरच्या रानाला लागून लाल वालुकाश्माचा रेडवॉल मठ. आत उंदीर, खारी, जमिनीत बिळं खणणारे मोल, पाणमांजरं, काटेरी हेजहॉग आणि कॉन्स्टन्स नावाची दांडगी बॅजर. सुरुवातीलाच मठाधिपती मॉर्टिमरच्या कारकिर्दीची पन्नाशी आणि तिची जंगी मेजवानी. त्या मेजवानीसाठी मासा धरतात तो मठाच्या आवारातल्या तळ्यातून. फळबाग तटाच्या आत, भाजीचे वाफे आत, पिंपं भरलेलं तळघर आत. चार घास वाचता वाचता लेखकाने तुमच्याकडून किल्ल्याची अख्खी पाहणी करून घेतलेली असते. पुढे क्लूनी नावाचा एक डोळा गेलेला घुशींचा सरदार फेरेट, वीझल, स्टोट असे मुंगसासारखे शिकारी प्राणी गोळा करून तटाशी येतो, तेव्हा ऐकणाऱ्या मुलाला आधीच माहीत असतं की यांना उपाशी मारून मठ पडणार नाही. तट फोडावा तरी लागेल, नाहीतर ओलांडावा तरी. हे ज्याला माहीत नाही त्याला क्लूनीची घाई कळत नाही, आणि मग तो नुसता तापट खलनायक वाटतो.

या पुस्तकात मला सगळ्यात आवडतं ते हे, की क्लूनीचा प्रत्येक डाव वेगळ्या कारणाने फसतो. आधी तो रात्री एक तरबेज चढणारा आत धाडतो आणि भिंतीवरच्या टॅपेस्ट्रीतून, म्हणजे विणलेल्या चित्रपडद्यातून, मार्टिन या मठाच्या मूळपुरुषाचं चित्र कापून आणवतो. चोर जीव गमावतो, पण चित्र क्लूनीच्या हाती पडतं आणि त्याचं निशाण होतं. युद्धाच्या हिशेबात हे काहीच नाही, मनाच्या हिशेबात मोठा घाव. मग दरवाज्यावर खोटा हल्ला लावून तो स्वतः रानाच्या बाजूने एल्मच्या झाडावर चढतो आणि झाडावरून तटावर फळी टाकतो. ती फळी उलटते आणि सरदारच खाली पडून जायबंदी होतो. सेनापतीने स्वतः फळीवर पाय ठेवायचा नसतो, ही चूक. भुयार खणतो, तर आतल्या मोलांना जमिनीला कान लावून ते कुठे उघडणार याचा अदमास येतो आणि तिथे उकळतं पाणी ओततात. लाकडी मनोरा बांधतो, तो मठातल्या कॉर्नफ्लॉवर या उंदरीच्या कंदिलाने पेटतो. शेवटी दार उघडतं ते आतून: डॉरमाउस या उंदरासारख्या छोट्या प्राण्याचं कुटुंब ओलीस धरून त्याच्याकडून काम करून घेतलेलं असतं. तट शाबूत आणि शत्रू आत. यापुढचं सांगत नाही.

आता वाचायचं कसं. गोष्टीला दोन धागे आहेत: इकडे तट, तिकडे मार्टिनची तलवार शोधणारा मथायस हा मठातला तरुण उंदीर. प्रकरणं छोटी आहेत आणि धागा सारखा बदलतो. रोज एकच प्रकरण वाचलंत तर परत त्या धाग्यावर येईपर्यंत मूल मागचं विसरतं. दोन-तीन एका बैठकीला वाचा आणि धागा बदलतो तिथे थांबा.

आवाज काढताना जपून. पाणमांजरं खलाशांसारखी बोलतात, बेसिल हा ससा जुन्या लष्करी साहेबासारखा, चिमण्या तोडकं-मोडकं. मोलांची बोली इंग्लंडच्या नैऋत्येकडची खेडवळ. मराठीत सांगत असाल तर तुमच्या घरातली जी खरी बोली असेल, मालवणी म्हणा, वऱ्हाडी म्हणा, तीच त्यांना द्या. उसना गावरान हेल काढलात की मोल विदूषक होतात, आणि भुयाराचा पत्ता लावणारे तेच आहेत.

एका ठिकाणी मात्र वाचन थांबवून कागद घ्यावाच लागतो. मठाच्या भिंतीवर कोरलेल्या, तलवारीचा माग देणाऱ्या कोड्यात 'आय, ॲम दॅट इज' असे शब्द येतात. त्यातला 'आय' बाजूला ठेवला की उरलेली आठ इंग्रजी अक्षरं उलटीपालटी लावून मथायसचं नाव होतं. हे कानाला कळणं शक्य नाही. चिठ्ठ्यांवर अक्षरं लिहून मुलांपुढे टाका आणि उत्तर अजिबात सांगू नका, ती लावतात.

वयाचं म्हणाल तर नऊ-दहाच्या आत नको. यात चांगली पात्रं मरतात. म्हातारा मेथ्युसेला तर लढाईतही मरत नाही, एका चोरट्या कोल्ह्याच्या हातून जातो. शिवाय स्वतःचंच नाव फुसफुसत येणारा ॲस्मोडियस साप आहे. तो भाग झोपायच्या वेळी वाचू नये.

दोष आहेतच. पहिल्या पुस्तकात क्लूनी चक्क घोडा जुंपलेल्या गवताच्या गाडीतून येतो, आणि त्याचं ठाणं माणसांच्या मापाच्या चर्चमध्ये. मग उंदराच्या मापाचा मठ बांधला कुणी? चौकस पोरं हे विचारणारच. सरळ सांगा की लेखकाचं तेव्हा ठरायचं होतं, पुढच्या पुस्तकांतून त्याने माणसांच्या खुणा काढून टाकल्या.

दुसरा दोष मोठा. जेक्सच्या जगात प्राण्याची जात बघून चारित्र्य ठरतं. उंदीर, खार चांगले; घूस, फेरेट, स्टोट वाईट. ही गोष्ट आपल्या मुलांसमोर न बोलता सोडू नये असं मला ठामपणे वाटतं. याच मालिकेतल्या १९९५ च्या 'आउटकास्ट ऑफ रेडवॉल'मध्ये मठात वाढलेला वेल नावाचा फेरेट शेवटी स्वतःच्या जिवावर उदार होऊन जिने त्याला वाढवलं तिला वाचवतो, आणि तरीही तो वाईटच होता असा निकाल तिच्याच तोंडून येतो. हे मला आजही पटत नाही. उलट 'टॅगरुंग'मधलं पाणमांजर लुटारूंच्या टोळीत वाढून चांगलं राहतं. 'द बेलमेकर'मधली ब्लॅगट ही घूस सुधारते, पण असे अपवाद मोजकेच. बारा वर्षांच्या पुढचं मूल असेल तर 'आउटकास्ट' मुद्दाम द्या आणि भांडू द्या.

एकूण पुस्तकं २२, शेवटचं २०११ चं, जेक्सच्या मृत्यूनंतर आलेलं. सगळी घेऊन ठेवू नका, साचा पुढे पुढे उघडा पडतो. क्रम प्रकाशनाचाच धरा: 'रेडवॉल', मग १९८८ चं 'मॉसफ्लॉवर', मग १९८९ चं 'मॅटिमिओ'. कथेच्या काळानुसार 'मॉसफ्लॉवर' आधीचं आहे, पण ते आधी वाचलंत तर मार्टिन कोण हे कोडंच उरत नाही. 'मॅटिमिओ'चा खलनायकही पहिल्या पुस्तकातूनच आलेला आहे, तो ओळखण्याची गंमत क्रम मोडला की जाते. आणि 'मॉसफ्लॉवर'मध्ये डाव फिरतो. यावेळी किल्ला शत्रूचा, कॉटिर नावाचा, आणि तो कसा पाडायचा हा प्रश्न आपल्या बाजूच्यांपुढे. उत्तर पुन्हा मोलच खणून काढतात, फक्त यावेळी पाणी उकळतं नसतं, नदीचं असतं.

वाचून दाखवायला घरात कुणाला वेळच नसेल तर श्राव्य आवृत्ती घ्या. निवेदन स्वतः जेक्सचं आहे आणि पात्रांना वेगवेगळे नट आहेत. विकत घेण्याआधी ती संपूर्ण आहे ना, एवढं तपासा. संक्षिप्त काढताना कात्री पहिली पंगतीलाच लागते.