चौथा हिस्सा? काका, निदान भागाकार तरी करायचा

सकाळी उठल्याउठल्या काकांचा फॉरवर्ड. ब्रिटन म्हणे सरकारी तिजोरीचा चौथा हिस्सा गरीब देशांत वाटतं म्हणून त्यांच्या दवाखान्यांत रांगा, युनोने २०३० पर्यंतची विकासाची १७ उद्दिष्टं मानगुटीवर बसवलीत म्हणून नाही म्हणायची सोय नाही, पैसा मधल्यामध्ये गडप होतो आणि मदत उद्या बंद केली तरी कोणाचं काही अडत नाही. आयुष्यभर बँकेत हिशोब तपासलेला माणूस हे पुढे ढकलतो!

चौथा हिस्सा सोडा. ब्रिटिश सरकारच्याच वार्षिक आकडेवारीत २०२३ ची परदेशी मदत १५.३ अब्ज पौंड, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५८ टक्के. सरकारचा वर्षाचा एकूण खर्च हजार अब्जांच्या वर. बसा करत.

सक्तीचं तर काहीच्या काहीच. ती उद्दिष्टं २०१५ मध्ये १९३ देशांनी मिळून स्वीकारली, नाही पाळली तर दंड नाही की कोर्ट नाही. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी हा युनोचा ठराव तर १९७० चा, ब्रिटनने तो २०१३ मध्ये पूर्ण केला, २०१५ ला कायदाही केला, मग २०२१ मध्ये ०.५ वर आले आणि २०२७ पर्यंत ०.३ करणार म्हणून जाहीर करून मोकळे. कोणी हात धरला?

पैसा गडप होतो, हे मात्र अर्धं खरंय, मान्य करावं लागतंय. पण कुठे गडप होतो ते बघा. त्याच आकडेवारीत ४.३ अब्ज पौंड, म्हणजे २८ टक्के, खुद्द ब्रिटनमध्येच निर्वासितांवर खर्च झालेत. निर्वासिताचा पहिल्या बारा महिन्यांचा खर्च परदेशी मदतीत धरायला ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचे नियम परवानगी देतात, त्यामुळे तिथल्या हॉटेलांची बिलंसुद्धा 'मदत' म्हणून लागली. कागदोपत्री परदेशी, पैसा घरातल्या घरात. मेसेजवाल्याला आफ्रिकेतले हुकूमशहा दिसले, हॉटेलवाला नाही दिसला.

आणि 'कोणाचं काही अडत नाही' हे वाचून खरंच डोकं फिरलं. २०२१ च्या कपातीत युनोच्या लोकसंख्या निधीला गर्भनिरोधकं आणि बाळंतपणातली औषधं पुरवण्यासाठी कबूल केलेले १५.४ कोटी पौंड एका झटक्यात साधारण २.३ कोटींवर आणले. ८५ टक्के कपात! गेलेल्या १३ कोटींतून अंदाजे अडीच लाख माता आणि बालमृत्यू टळले असते असं त्या निधीनेच तेव्हा सांगितलं होतं. बरं, त्यांचा अंदाज फुगवलेला समजा, निम्मा धरा. निम्म्याचा निम्मा धरा. तरी बासष्ट हजार होतात काका, आणि तुम्ही त्याखाली अंगठा दाखवलाय.

मेसेजच्या शेवटी 'खरे देशभक्त असाल तर दहा जणांना पाठवा' असंही आहे. कुठल्या देशाचे, ते तेवढं विचारून ठेवा.