अंगठा उठंना

माझी आई ऑनलाइन सेंटरच्या बाकावर बसून चारचौघांत मला झापत होती. तिच्या हयातीचा एवढा खणखणीत पुरावा सगळ्या गल्लीला ऐकू जात असताना काउंटरवरचा पोरगा मात्र म्हणत होता, "काका, मावशींचा अंगठा उठंना."

झापण्याचं कारण रास्त होतं. मी तिला पाण्याच्या दिवशी घराबाहेर काढलं होतं. सोलापुरात नळाला काही दिवसांआडच पाणी येतं. त्या दिवशी कुणी गेलं, तरी तिरडी पाणी भरून झाल्यावरच उचलावी, असं आईचं स्पष्ट मत आहे.

पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी द्यायचा हयातीचा दाखला म्हणजे पूर्वी बँकेतलं काम. साहेब चष्म्यावरून आईकडे बघायचे, आई पदराआडून साहेबांकडे बघायची आणि दोघंही हयात आहेत अशी खात्री पटली की सही व्हायची. मग 10 नोव्हेंबर 2014 रोजी सरकारचं ऑनलाइन 'जीवन प्रमाण' आलं. बोट टेकवा, दाखला घ्या. सोय उत्तमच, फक्त बोटाला रेषा पाहिजेत.

आईने लग्न होऊन आल्यापासून विड्या वळल्या. दिवसाला हजार. तेंदूचं भिजवलेलं पान पत्र्याच्या मापाने कात्रीत धरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठा आणि तर्जनीत वळायचं, तोंड मोडायचं, दोरा गुंडाळायचा. त्या खरखरीत पानांनी अंगठा इतका गुळगुळीत केलाय की त्यावरून मुंगी घसरेल. म्हणजे ज्या कामाची पेन्शन, त्याच कामाने पेन्शनचा अंगठा खाल्ला! आणि पेन्शन तरी केवढी? किमान 1000 रुपये, हा आकडा ठरला तोही 2014 सालीच.

रांगेतल्या बायकांनी उपचार सुरू केले. एकीने लिंबू चोळायला सांगितलं. दुसरी म्हणाली, "केसात घासा, उठतंय बघा." आईने घासला. यंत्राचा दिवा लाल तो लालच. "पुढचं बोट," पोरगा म्हणाला. दहा बोटं संपल्यावर त्याने आईच्या पायांकडे पाहिलं, असं मला वाटलं.

नोव्हेंबर 2021 पासून चेहरा दाखवूनही काम होतं, म्हणून घरीच मोबाइलवर करायचं ठरलं. तंत्रज्ञान विभाग सातवीतल्या लेकीकडे. तिने आज्जीला उजेडात बसवलं, मागच्या पांढऱ्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि कॅमेरा धरला. ॲप म्हणालं, डोळ्यांची उघडझाप करा. आई ढिम्म. तिच्या काळात फोटोत डोळे मिटले की स्टुडिओवाला खेकसायचा आणि पैसे वाया जायचे. ती शिस्त अंगात मुरलेली.

"आज्जी, डोळे मिचकाव की!"

"फोटो खराब होतंय गं."

"फोटो नाही हा. तू जित्ती हायेस का बघालालंय ते."

"मग बोलते की मी! ऐकू येत नाही व्हय त्याला?"

मी मध्ये पडून म्हणालो, "आई, नुसता डोळा मार."

यावर आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती कॅमेऱ्यात सापडली असती तर दोन जन्मांचे दाखले मिळाले असते.

शेवटी लेकीने आज्जीच्या तोंडावर फुंकर मारली. पापणी लवली, गोल हिरवा झाला आणि आमची आई पुढच्या वर्षभरासाठी हयात झाली.

बातमी गल्लीत पसरली. आता दुपारची शाळा सुटली की आमच्या ओट्यावर विडीवाल्या म्हाताऱ्यांची रांग लागते. लेक माणशी पाच रुपये घेते, अभ्यास बुडतो तो वेगळा. कॅमेरा ती धरते. फुंकर मारायचं खातं आईकडे आहे. शिवाय कारखान्यात चेकर जसा तिच्या विड्या बोटांत फिरवून बाजूला टाकायचा, तशी ती एकेका मैत्रिणीची हनुवटी धरून चेहरा उजेडात फिरवते आणि म्हणते, "ही बाद. तोंड धुऊन ये जा."

"कुठल्या पाण्याने?" ती विचारते.

"मग परवा ये," आई म्हणते. "परवा पाणी हाय."